काचतंतूची पर्यटन शिडनौका

काचतंतू व रेझीन यांच्या संयोगापासून घडविलेले सलग कवच असलेली, लांब पल्ल्याच्या सागरी प्रवासासाठी योजलेली शिडाची खाजगी नौका. सामान्यतः तिची लांबी ८ ते १५ मी. असते. दोन ते सहा माणसांना झोपण्याची, स्वयंपाकाची व सामान साठविण्याची सोय तिच्यात असते आणि शिडांना पूरक म्हणून एक लहान एंजिन बसविलेले असते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या नौकेने पर्यटनाच्या क्षेत्रातून लाकडी नौकेला जवळजवळ हद्दपार केले. तथापि हा इतिहास केवळ एका नव्या पदार्थाच्या विजयाचा नाही. नौकेचे कवच किती वर्षे टिकेल आणि खवळलेल्या समुद्रात ती नौका किती तग धरेल, हे दोन निराळे प्रश्न होत. पहिल्याचे उत्तर नव्या पदार्थाने दिले. दुसऱ्याचे उत्तर मात्र आकार, वजन व जोडकाम यांतूनच मिळते, हे उमगण्यास सु. तीस वर्षे लागली आणि त्यासाठी अनेकांना प्राण गमवावे लागले.

पूर्वपीठिका : परंपरागत लाकडी नौकेचा तळकणा, त्यावर उभ्या केलेल्या बरगड्या व बरगड्यांवर ठोकलेल्या फळ्या असा सांगाडा असतो. फळ्यांमधील सांधे कापूस, ताग किंवा काथ्या आणि राळ यांनी बुजवावे लागतात. नौका किनाऱ्यावर फार दिवस राहिली की फळ्या आकसून सांधे उघडे पडतात. पाण्यात राहिली की लाकूड पोखरणारे सागरी किडे तिला लागतात. गोडे पाणी साचले की लाकूड कुजते. यामुळे दरवर्षी डागडुजी अटळ असे. प्रत्येक नौका कुशल सुतारांकडून स्वतंत्रपणे बांधून घ्यावी लागे. परिणामी सागरपर्यटन हा दीर्घकाळ श्रीमंतांचा किंवा स्वतः सुतारकाम जाणणाऱ्या मोजक्या हौशी लोकांचा छंद राहिला.

काचेचे बारीक तंतू मोठ्या प्रमाणावर काढण्याची पद्धत अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात विकसित झाली व त्या उत्पादनासाठी १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग फायबरग्लास ही कंपनी स्थापन झाली. सामान्य तापमानात व दाबाशिवाय घट्ट होऊ शकणारी पॉलिएस्टर रेझिने त्याच सुमारास तयार झाली. या दोहोंच्या संयोगातून काचतंतुप्रबलित प्लॅस्टिक निर्माण झाले. दुसऱ्या महायुद्धात विमानांवरील रडार यंत्रणेची आवरणे या पदार्थाची केली जात, कारण त्यातून रेडिओ तरंग सहज पार जातात. ओहायओ राज्यातील टोलीडो येथील रे ग्रीन यांनी १९४० नंतरच्या दशकाच्या आरंभी या पदार्थाची लहान शिडाची होडी बनविली. युद्धानंतर रेझीन व काचतंतू नागरी बाजारात मुबलक मिळू लागले आणि लहान होड्या बनविणारे अनेक कारखाने निघाले.

आरंभीच्या नौका : मुक्कामी प्रवासाला योग्य अशी मोठी शिडनौका या पदार्थात बांधता येईल की नाही, याविषयी प्रारंभी फार शंका होत्या. १९५१ मध्ये ऱ्होड आयलंड राज्यात बांधलेल्या ‘एरिअन’ या सु. १३ मी. लांबीच्या दोन डोलकाठ्यांच्या नौकेने या शंकांना पहिले उत्तर दिले. तिचा आराखडा सिडनी हेरेशॉफ यांचा होता. त्या वेळी एवढ्या आकाराची काचतंतूची दुसरी शिडनौका नव्हती. मात्र ती एकच नग होती. नव्या पदार्थाचा खरा लाभ एका साच्यातून अनेक नौका काढण्यात होता. फिलिप ऱ्होड्स यांनी आराखडा केलेली व कॅलिफोर्नियातील सॉसलिटो येथे बांधलेली ‘बाउंटी-२’ ही सु. १२·४ मी. लांबीची नौका १९५७ च्या आरंभी न्यूयॉर्कच्या नौका-प्रदर्शनात मांडण्यात आली. तिच्यामुळे मोठ्या नौकेचे मालिकाबद्ध उत्पादन शक्य आहे हे सिद्ध झाले.

या नौकेला सामान्य गिऱ्हाईक मिळवून दिले ते ‘ट्रायटन’ने. कार्ल आल्बर्ग यांचा आराखडा घेऊन ऱ्होड आयलंडमधील ब्रिस्टल येथील क्लिंटन व एव्हरेट पिअरसन या चुलतभावांनी ती बांधली व जानेवारी १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडली. तिची लांबी सु. ८·६ मी., जलरेषेवरील लांबी ६·२ मी., रुंदी २·५ मी. आणि पाण्याखालील खोली १·२ मी. होती. एकूण वजन सु. ३,६०० किग्रॅ. असून त्यांपैकी सु. १,३५० किग्रॅ. नीरमाचे, म्हणजे नौकेला उलटण्यापासून आवरणाऱ्या तळातील भाराचे होते. चार माणसांना झोपण्याची सोय आणि ९,७०० डॉलर किंमत यांमुळे मध्यमवर्गीय कुटुंबालाही ती आवाक्यातली वाटू लागली. प्रदर्शन संपण्यापूर्वीच सतरा नौकांची मागणी नोंदली गेली. १९६७ पर्यंत अशा ७०० हून अधिक नौका बांधल्या गेल्या.

ट्रायटनचा आकार मात्र नवा नव्हता. नाळ व पिछाडी पाण्याबाहेर लांबवर निमुळती होत गेलेली, पोट अरुंद, तळकणा लांब व त्याच्याच मागील कडेला बिजागऱ्यांनी जोडलेले सुकाणू, हा सर्व घाट लाकडी नौकेचाच होता. लाकडी फळ्या जितक्या वळविता येतात तितकेच वळण काचतंतूच्या कवचालाही देण्यात आले होते. पदार्थाच्या बळाविषयी खात्रीची गणिते नसल्यामुळे बांधणारे थरावर थर चढवीत. गिब्स अँड कॉक्स या नौकास्थापत्य संस्थेने या पदार्थाविषयीची पद्धतशीर अभिकल्प-पुस्तिका १९६० मध्ये तयार केली. तोपर्यंत अनुभव व सावधगिरी हेच मार्गदर्शक होते. या अज्ञानातून आलेली जाडी पुढे वरदान ठरली. आरंभीच्या काळातील पुष्कळ नौका अर्धशतकानंतरही प्रवासाच्या लायकीच्या राहिल्या. अमेरिकी तटरक्षक दलाच्या १९५० नंतरच्या दशकात बांधलेल्या गस्ती नौकेच्या कवचाचे नमुने वीस वर्षांच्या वापरानंतर तपासले असता, त्यांच्या बळात लक्षणीय घट झालेली आढळली नाही.

बांधणीची पद्धत : प्रथम लाकूड व लांबी यांपासून नौकेची पूर्ण आकाराची प्रतिकृती करतात व तिच्यावरून काचतंतूचाच पोकळ साचा घेतात. साच्याच्या आतील बाजूस मेण लावून त्यावर रंगीत रेझिनाचा सु. अर्धा मिमी. जाडीचा लेप देतात. हाच नौकेचा बाहेरचा गुळगुळीत पृष्ठभाग होय. त्यावर आखूड तंतूंची चटई व जाड धाग्यांचे विणलेले कापड यांचे थर आळीपाळीने पसरून प्रत्येक थर रेझिनाने भिजवितात आणि रूळ फिरवून त्यातील हवा काढून टाकतात. चटई थरांना एकमेकांशी बांधून ठेवते, तर कापड ताणबळ देते. रेझिनात मिसळलेल्या उत्प्रेरकामुळे ते काही तासांत घट्ट होते. कवच साच्यातून बाहेर काढल्यानंतर, बहुतेक वेळा त्यापूर्वीच, आडभिंती व पट्ट्या आत बसवून काचतंतूच्या फितीने कवचाशी सांधतात. डेक निराळ्या साच्यात करून कवचाच्या काठावर बोल्ट व चिकटद्रव्याने जोडतात.

काचतंतूचे ताणबळ मोठे असले, तरी या पदार्थाची दृढता पोलादाच्या मानाने फार कमी असते. पातळ कवच लवकर फुटत नाही. पण ते लवचिकपणे हलते. हा दोष घालविण्याचे तीन मार्ग आहेत : कवचाची जाडी वाढविणे, आतून आधारपट्ट्या देणे, किंवा दोन पातळ कवचांमध्ये हलका गाभा भरणे. डेकसाठी तिसरा मार्ग लवकरच रूढ झाला. बाल्सा लाकडाचे तुकडे तंतूंची टोके वर-खाली राहतील अशा रीतीने गाभ्यात बसविल्यास डेक हलका व ताठ होतो, शिवाय उंचावरील वजन कमी झाल्याने नौकेचा तोलही सुधारतो. परंतु खुंट्या व कठड्यांच्या बोल्टांभोवतीची भोके नीट बंद न केल्यास पाणी गाभ्यात शिरते आणि लाकूड आतल्या आत कुजते. कुजण्यापासून सुटका म्हणून स्वीकारलेल्या नौकेत कुजणे असे मागच्या दाराने परत आले.

नीरम बसविण्याच्याही दोन पद्धती आहेत. पहिलीत तळकण्याचा पोकळ भाग कवचाबरोबरच घडवून त्यात शिसे किंवा बीड भरतात. दुसरीत ओतीव तळकणा कवचाला बाहेरून मोठ्या बोल्टांनी जोडतात. पहिलीत बोल्ट गंजण्याचे भय नसते. दुसरीत वजन अधिक खाली नेता येते. मात्र दुसऱ्या पद्धतीत सारा भार थोड्याशा क्षेत्रावर येत असल्याने तळाची अंतर्गत बांधणी अत्यंत भक्कम असावी लागते.

अंतर्रचना व सामग्री : बरगड्या नाहीशा झाल्यामुळे त्याच लांबीच्या लाकडी नौकेपेक्षा काचतंतूच्या नौकेत अधिक जागा मिळू लागली. सर्वसाधारण मांडणीत नाळेकडे त्रिकोणी बिछाना, त्यामागे शौचकूप, मध्यभागी समोरासमोर बाके व घडीचे मेज, जिन्याजवळ एका बाजूस स्वयंपाकाची जागा व दुसऱ्या बाजूस नकाशाचे मेज असते. नौका कलली तरी भांडे सरळ राहावे म्हणून शेगडी दोन खिळींवर झुलती ठेवतात. भर समुद्रात अरुंद व काठाला फळी असलेला बिछानाच झोपेला योग्य असतो. रुंद बिछाना बंदरात सुखाचा असला, तरी हेलकाव्यात निरुपयोगी ठरतो. नौका बंदरासाठी आहे की समुद्रासाठी, हे अशा लहान गोष्टींवरून ओळखता येते.

याच काळात इतर सामग्रीही बदलली. सुती शिडे भिजली की ताणतात व कुजतात. त्यांची जागा १९५० नंतर पॉलिएस्टर धाग्याच्या डेक्रॉन कापडाने घेतली. लाकडी डोलकाठीऐवजी ॲल्युमिनियमची पोकळ डोलकाठी व तिला आवरण्यासाठी अगंज पोलादाचे तारदोर आले. ट्रायटनमध्ये पेट्रोलचे एंजिन असे. पुढे आगीचा धोका कमी असलेले डीझेल एंजिन सार्वत्रिक झाले. १९६० मध्ये झालेल्या पहिल्या एकांडी अटलांटिक शर्यतीनंतर वाऱ्याच्या दिशेनुसार सुकाणू आपोआप सांभाळणाऱ्या पंख्याचा प्रसार झाला. हेसलर यांनी विकसित केलेल्या या साधनामुळे एक-दोन माणसांनी महासागर ओलांडणे व्यवहार्य ठरले.

महासागरातील कसोटी : थॉमस गिल्मर यांनी आराखडा केलेली ‘सीविंड’ जातीची ‘ॲपोजी’ ही सु. ९ मी. लांबीची नौका पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली काचतंतूची नौका म्हणून ओळखली जाते. तिचा प्रवास १९६० नंतरच्या दशकात झाला. रॉबिन ली ग्रॅहॅम हा सोळा वर्षांचा मुलगा १९६५ मध्ये ‘डव्ह’ या सु. ७ मी. लांबीच्या काचतंतूच्या नौकेतून कॅलिफोर्नियाहून निघाला. वाटेत नौका बदलून त्याने १९७० मध्ये प्रदक्षिणा पुरी केली. या प्रवासांच्या वृत्तांतांनी सामान्य कारखान्यातील नौकेवर महासागर ओलांडण्याची कल्पना लोकप्रिय केली.

लाकडाकडून काचतंतूकडे झालेल्या संक्रमणाचा एक धागा मुंबईशी जोडलेला आहे. नॉर्वेतील कॉलिन आर्चर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वादळात मच्छीमारांच्या मदतीला जाणाऱ्या बचावनौका तयार केल्या. त्यांची दोन्ही टोके निमुळती, पोट भरदार व तळकणा लांब असे. त्यांवरून अमेरिकेतील विल्यम ॲटकिन यांनी १९२० नंतरच्या दशकात ‘एरिक’ हा सु. ९·७ मी. लांबीचा आराखडा केला. याच आराखड्यावरून ‘सुहेली’ ही सागवानी नौका १९६० नंतरच्या दशकात मुंबईत बांधली गेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिच्यातून १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ या काळात, ३१२ दिवसांत, कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असा प्रवास पूर्वी कोणीही केला नव्हता. पुढे हाच घाट कॅलिफोर्नियात काचतंतूमध्ये उतरला. विल्यम क्रीलॉक यांनी सुधारलेली ‘वेस्टसेल-३२’ ही नौका १९७१ नंतर ८०० हून अधिक संख्येने बांधली गेली. पुष्कळ गिऱ्हाइकांनी नुसते कवच विकत घेऊन आतील काम अंगणात स्वतःच पुरे केले.

आकारातील परिवर्तन : नवा पदार्थ नव्या आकाराला मोकळीक देतो, याचा प्रत्यय विल्यम लॅपवर्थ यांच्या ‘कॅल-४०’ या १९६३ मधील नौकेने दिला. तिचे वजन कमी व तळ सपाटसर होता. लांब तळकण्याऐवजी मध्यभागी आखूड पंखासारखा तळकणा आणि त्यापासून सुटे, पार मागे लटकणारे सुकाणू अशी तिची रचना होती. पाण्याला स्पर्श करणारे क्षेत्र घटल्याने घर्षण कमी झाले. लाटेच्या उतारावर नौका घसरत वेगाने धावू लागली. कॅलिफोर्नियाहून हवाईपर्यंतची शर्यत १९६५, १९६७ व १९६९ अशी लागोपाठ तीन वेळा या जातीच्या नौकांनी जिंकली. १९६६ ची बर्म्यूडा शर्यतही तिच्याच वाट्याला आली. त्यानंतर लांब तळकणा जुनाट मानला जाऊ लागला.

युरोपातही मालिकाबद्ध उत्पादन जोरात सुरू झाले. स्वीडनमध्ये पेर ब्रोहेल यांच्या आराखड्यानुसार ‘अल्बिन व्हेगा’ या सु. ८ मी. लांबीच्या ३,४०० हून अधिक नौका १९६५ ते १९७९ या काळात बांधल्या गेल्या. इंग्लंडमध्ये डेव्हिड सॅडलर यांची ‘कॉन्टेसा-३२’ ही नौका १९७१ मध्ये लिमिंग्टन येथे तयार झाली. आखूड तळकणा, पण सुकाणूच्या पुढे त्याला आधार देणारा स्थिर पंख; बेताची रुंदी; आणि एकूण सु. ४,३०० किग्रॅ. वजनापैकी जवळजवळ निम्मे नीरमाचे, अशी तिची रचना होती. जवळपास त्याच लांबीच्या वेस्टसेल-३२ चे वजन दुपटीहून अधिक, सु. ८,८०० किग्रॅ. होते. १९७३ मध्ये रॉबर्ट पेरी यांनी ‘व्हॅलिअंट-४०’ मध्ये दोन्ही परंपरांचा मेळ घातला. वरून ती निमुळत्या पिछाडीची जुनी बचावनौका दिसे. पाण्याखाली मात्र तिचा तळकणा आखूड होता. वेग ही पर्यटन नौकेलाही सुरक्षितता देणारी गोष्ट आहे, हा विचार तिने रुजविला.

दुसरीकडे १९७० च्या सुमारास शर्यतींसाठी जो आंतरराष्ट्रीय मापन-नियम आला, त्याने आकाराला निराळेच वळण दिले. नियमाच्या सूत्रात कमी दंड पडावा म्हणून नौका मध्यभागी रुंद, टोकांना चिमटलेल्या व कमी नीरमाच्या होऊ लागल्या. कारखाने शर्यत जिंकणाऱ्या नौकांचे घाट उचलून त्यांत बिछाने व स्वयंपाकाची जागा बसवीत आणि त्याच नौका कुटुंबांना पर्यटनासाठी विकत. १९७३ च्या तेलसंकटामुळे पेट्रोलियमजन्य रेझीन महागले आणि कवच पातळ करण्यास आणखी एक कारण मिळाले.

फास्टनेट शर्यत, १९७९ : या साऱ्या प्रवृत्तींची कठोर परीक्षा इंग्लंड व आयर्लंड यांदरम्यानच्या समुद्रात झाली. ११ ऑगस्ट १९७९ रोजी ३०३ नौका फास्टनेट शर्यतीसाठी निघाल्या. १३ व १४ ऑगस्टला त्या भीषण वादळात सापडल्या. शर्यतीतील १५ जण मृत्युमुखी पडले; २४ नौका सोडून द्याव्या लागल्या व त्यांपैकी ५ बुडाल्या; केवळ ८५ नौकांनी शर्यत पुरी केली. सर्वांत लहान नौकांच्या वर्गात शर्यत पुरी करणारी एकमेव नौका ‘असेंट’ ही कॉन्टेसा-३२ होती.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालाने जे दाखवून दिले, त्याचा नौकारचनेवर चिरस्थायी परिणाम झाला. सु. एक-तृतीयांश नौका आडव्या पातळीच्याही पलीकडे कलंडल्या होत्या. रुंद व हलक्या नौका उलट्या झाल्यावर काही काळ तशाच स्थिर राहतात, तर अरुंद व खोल नीरमाच्या नौका लगेच सरळ होतात, ही गोष्ट गणिताने स्पष्ट झाली. कॉन्टेसा-३२ सु. १५५ अंशांपर्यंत कलली तरी स्वतःहून परत उभी राहू शकते. तिच्याशी तुलना केलेल्या त्याच आकाराच्या शर्यती नौकेत ही मर्यादा १२० अंशांच्याही आत होती. अनेक नौकांची सुकाणी मोडली. जीवनतराफ्यांशी निगडित दुर्घटनांत सात जण दगावले. उलट सोडून दिलेल्या नौकांपैकी एकोणीस नंतर तरंगत असलेल्या सापडल्या. नौका पायाखाली तरंगत आहे तोवर तिला सोडू नये, हा धडा त्यानंतर सागरी शिक्षणाचा भाग बनला.

ऑक्टोबर १९९१ मध्ये अटलांटिकमधील मोठ्या वादळात ‘सटोरी’ या वेस्टसेल-३२ नौकेवरील तिघांना अमेरिकी तटरक्षक दलाने उचलून घेतले. निर्मनुष्य झालेली ती नौका काही दिवसांनी मेरीलँडच्या वाळूत जवळजवळ धड अवस्थेत लागली. माणसे थकतात तेव्हाही सुघटित कवच समुद्राशी झुंजत राहते, हे यावरून पुन्हा दिसून आले. एक जड व एक हलकी अशा या दोन्ही नौका कसोटीला उतरल्या, यावरून केवळ वजनाने सागरक्षमता ठरत नाही, तर वजन कोठे आहे व नौका कलल्यावर काय करते याला महत्त्व आहे, असा निष्कर्ष निघतो.

दोष व उपाय : काचतंतूचे कवच पाणी मुळीच शोषत नाही, ही आरंभीची समजूत खोटी ठरली. बाहेरील लेपातून पाण्याचे सूक्ष्म कण आत झिरपतात व थरांमधील पोकळ्यांत उरलेली विद्राव्य द्रव्ये विरघळवितात. या दाट विद्रावाकडे तर्षणाने आणखी पाणी ओढले जाते, दाब वाढतो आणि पृष्ठभागावर फोड येतात. फोडातील द्रव आम्लधर्मी असून त्याला शिरक्यासारखा वास येतो. उष्ण कटिबंधातील पाण्यात ही क्रिया अधिक जलद होते. १९८० च्या सुमारास हा विकार व्यापक असल्याचे ध्यानात आले. बहुधा त्याने नौका बुडत नाही. पण लेप खरवडून, कवच महिनोन्‌महिने वाळवून इपॉक्सीचे नवे थर द्यावे लागतात. पुढे जलरोधक व्हिनिल-एस्टर रेझीन बाहेरील थरांत वापरण्याची प्रथा पडली. १९९० नंतर निर्वात पिशवीच्या साहाय्याने रेझीन कोरड्या तंतूंत शोषून घेण्याची पद्धत प्रसृत झाली. तिच्यामुळे हवेचे बुडबुडे व जादा रेझीन टळते आणि कामगारांच्या श्वासात जाणारी बाष्पेही घटतात.

याहून गंभीर प्रश्न जोडकामाचा आहे. उत्पादन स्वस्त व्हावे म्हणून आडव्या-उभ्या आधारांची एक सलग जाळी निराळ्या साच्यात करून ती कवचात चिकटविण्याची पद्धत रूढ झाली. ही चिकट सुटली तर ते सहसा डोळ्यांना दिसत नाही. मे २०१४ मध्ये ‘चीकी रफिकी’ या नौकेचा तळकणा उत्तर अटलांटिकमध्ये निखळला, नौका उलटली व चौघेही खलाशी गमावले गेले. पूर्वी तळ जमिनीला लागल्याने व नंतरच्या दुरुस्त्यांमुळे रचना कमजोर झाली असण्याची शक्यता ब्रिटिश सागरी अपघात तपास विभागाने २०१५ मध्ये वर्तविली.

यूरोपीय संघाने १९९४ मध्ये पर्यटन नौकांविषयी निर्देश काढून त्यांचे सागरक्षमतेनुसार चार वर्ग ठरविले. सर्वांत वरच्या, महासागरी वर्गातील नौका बोफर्ट श्रेणीतील आठव्या क्रमांकाहून अधिक वारा व चार मी. हून उंच लाटा सहन करू शकेल अशी असावी लागते. कलंडल्यावर परत उभे राहण्याची क्षमता मोजणे हा या वर्गीकरणाचा गाभा असून, फास्टनेटच्या अनुभवाची छाप त्यावर स्पष्ट दिसते.

भारतातील नौका : मांडवी नदीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या नौकाबांधणी कारखान्यात भारतीय नौदलासाठी ‘म्हादेई’ ही सु. १७ मी. लांबीची शिडनौका बांधण्यात आली व २००९ मध्ये ती नौदलाच्या स्वाधीन झाली. मांडवीच्याच दुसऱ्या नावावरून तिचे नाव पडले. आराखडा नेदर्लंड्समधील व्हान डी श्टाट या संस्थेचा आहे. लाकडी पट्ट्यांचा गाभा व त्याच्या दोन्ही बाजूंस इपॉक्सीत भिजविलेला काचतंतू अशी तिच्या कवचाची घडण आहे. लाकूड व काचतंतू यांच्यातील जुना कलह तिच्यात असा मिटला आहे. कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात चार ठिकाणी थांबून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. हा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय होत. अभिलाष टॉमी यांनी याच नौकेतून नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईहून निघून २०१३ मध्ये मुंबईसच परत येईपर्यंत कोठेही न थांबता प्रदक्षिणा पुरी केली. त्याच घाटाची ‘तारिणी’ ही नौकाही गोव्यातच बांधली गेली. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या काळात तिच्यातून गोवा ते गोवा अशी प्रदक्षिणा केली. २०२४-२५ मध्ये दोन महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’तूनच हा प्रवास पुन्हा केला.

१९६८ च्या शर्यतीच्या स्मरणार्थ २०१८ मध्ये भरविलेल्या गोल्डन ग्लोब शर्यतीसाठी १९८८ पूर्वीच्या आराखड्याची, मालिकेने बांधलेली, लांब तळकण्याची व त्यालाच जोडलेल्या सुकाणूची काचतंतूची नौका असावी अशी अट होती. एके काळी जुनाट ठरलेला घाट असा पुन्हा मानाला चढला. २०२२ च्या शर्यतीत अभिलाष टॉमी यांनी ‘रस्लर-३६’ जातीच्या नौकेतून दुसरा क्रमांक मिळविला.

आयुर्मर्यादा : काचतंतूची नौका कुजत नाही, हा तिचा गुण कारखानदारांना महाग पडला. जुन्या नौका बाजारातून नाहीशा होत नसल्यामुळे नव्या नौकांना त्यांच्याशीच स्पर्धा करावी लागली. अमेरिकेत १९९१ मध्ये एक लाख डॉलरांवरील नौकांवर दहा टक्के चैन-कर बसला. १९९३ मध्ये तो रद्द होईपर्यंत मंदीने आधीच खचलेल्या या धंद्याची आणखी हानी झाली. त्याच वेळी या टिकाऊपणामुळेच अल्प उत्पन्नाच्या माणसाला तीस-चाळीस वर्षांची नौका थोड्या पैशांत घेऊन महासागरावर जाता आले.

मात्र जी नौका दुरुस्तीपलीकडे गेली, तिचे काय करावयाचे हा प्रश्न बिकट आहे. एकदा घट्ट झालेले रेझीन पुन्हा वितळत नाही. त्यामुळे धातूप्रमाणे त्याचा पुनर्वापर होत नाही आणि लाकडाप्रमाणे ते मातीतही मिसळत नाही. सिमेंटच्या भट्टीत इंधन व कच्चा माल म्हणून त्याचा काही उपयोग होतो. फ्रान्समध्ये २०१९ पासून निकामी पर्यटन नौका मोडण्याची व्यवस्था उत्पादकांच्या वर्गणीतून उभारण्यात आली आहे. सागरपर्यटन सामान्यांच्या आवाक्यात आणणाऱ्या या नौकांची पहिली पिढी आता खाडीच्या चिखलात व नौकांगणांच्या मागील बाजूस साचत आहे. नौका कशी टिकवावी हे पहिल्या बांधणाऱ्यांनी चोख जाणले होते. ती कशी संपवावी, याचे समाधानकारक उत्तर मात्र या उद्योगाला अद्याप शोधावयाचे आहे.